रुमालाखालचा भाव

आमच्या गावात शेळी बायकोची असते आणि बोकड नवऱ्याचा. तशी दोन्ही जन्मतात बायकोच्याच हातात. व्यायला झाली की रात्रभर दावणीजवळ बसायला बायको, पिल्लाला चीक पाजायला बायको, जंताचं औषध तोंड उघडून घोटवायला बायको. बाभळीच्या शेंगा वेचा, शेवरीचा पाला आणा, लेंड्या झाडा, सगळं बायकोच्या अंगावर. पण बोकड विकायच्या वयाला आला की नवरा एका सकाळी अंगणात उभा राहतो, दात घासता घासता त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "आपला बोकड औंदा चांगला निघाला." याला शुद्ध मराठीत आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. हे मी आमच्या मालकांना तोंडावर म्हटलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

मी बेबीनंदा. पण ही गोष्ट माझी नाही, माझी धाकटी जाऊ दैवशाला हिची आहे. माझे मालक रामप्रसाद थोरले, तिचे भागवत धाकटे. अंगण एक, चुली दोन. भागवतभावजी जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहेत. तिथेच खोली करून राहतात आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकलवर गावाकडे येतात. मागे दैवशाला, सासूबाई आणि शेळ्या.

दैवशालाच्या बोकडाचं नाव तलाठी. नाव मीच ठेवलं. पिल्लू असल्यापासून त्याची एकच खोड, हातावर काही ठेवल्याशिवाय जागचा हलायचा नाही. ओढा, ढकला, लाडीगोडी लावा, हा आपला चारी पाय रोवून उभा. मूठभर मका दाखवला की लगेच कामाला लागायचा. काळाभोर, लांब कानाचा, चालताना छाती पुढे. गावच्या खऱ्या तलाठ्याच्या कानावर ते नाव गेलं असावं, कारण एकदा रस्त्यात त्यांनी बोकडाकडे आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आता बाजाराची रीत सांगते, कारण घोडं तिथंच पेंड खातं.

आमच्याकडच्या शेळीबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा व्यापारी किंवा दलाल आपल्या खांद्यावरचा रुमाल विकणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि रुमालाखाली दोघं एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं की एक हजार. सगळा पंजा आवळला की पाच. पंजा आवळून सोडला आणि पुन्हा दोन बोटं धरली की सात. पटलं नाही तर विकणारा समोरच्याची बोटं धरून आपला आकडा सांगतो. वरून दोघांचे चेहरे असे, की पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. रुमाल हातावर आहे तोवर तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही आणि सौदा कितीला झाला हे कुणी कुणाला विचारायचं नाही. शेजारच्या ओळीतली मिरची-कोथिंबीर विकणारी म्हातारीसुद्धा आता मोबाइलवर पैसे घेते, पण बोकडाचा भाव अजून रुमालाखाली आणि पैसे नगद.

या रुमालाखाली बाईचा हात जात नाही. का? तर परक्या पुरुषाने बाईचा हात धरायचा कसा? बांगड्या भरणारा कासार धरतो, डॉक्टर धरतो, मतदानाला बोटाला शाई लावणारा मास्तर धरतो, तेव्हा कुणाची अब्रू जात नाही. बोकडाच्या भावाची गोष्ट निघाली की मात्र ती लगेच जाते. म्हणून बाजारात बायका भाजी विकतात, मडकी विकतात, कोंबड्यासुद्धा विकतात, पण शेळीबाजारात बाई दिसायची नाही. कोंबडीला बहुतेक तेवढी अब्रू नसावी.

मग नवरा बाजारातून येऊन सांगेल तो भाव. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्याकडे ती मूठ घरी येऊन उघडली की जे निघेल ते बायकोने मुकाट घ्यायचं आणि चहा टाकायचा.

दैवशालाच्या मनात कित्येक वर्षं हाच काटा होता. दर बकरीदेच्या आधी भागवतभावजी तिचा बोकड घेऊन जायचे आणि संध्याकाळी रिकामं दावं खांद्यावर टाकून यायचे. पैसे तिच्या हातावर ठेवायचे, "भाव पडला व्हता" एवढं म्हणायचे आणि पाय धुवायच्या निमित्ताने मोरीकडे पळायचे. तिच्या डोळ्याला डोळा द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षी तिला वाटलं, खरंच पडला असेल. पण भाव दरवर्षी पडत राहिला. एवढा पडणारा भाव एव्हाना विहिरीच्या तळाला लागला असता.

त्यात मागच्या वर्षी मैमूनाभाभीने ठिणगी टाकली. मैमूनाभाभी आमच्या समोरच्या बोळात राहते. तिचा नवरा फकरोद्दीनभाई गावोगाव शेळ्या घेतो आणि परभणीकडे नेऊन विकतो. दैवशालाने बोलता बोलता तिला बोकडाचा भाव सांगितला, तर ती हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "उतने में? अगे, उतने में तो आमच्याकडं बकरी की बच्ची, पाठबी येत न्हाई! मरद तेरा दिल का नरम हाय का हाथ का लंबा?"

त्या दिवसापासून दैवशालाने नवऱ्याला चोर ठरवलं. वाढायची, धुवायची, पण बोलायची मोजकंच. मी तिला समजावलं. चोर म्हणावं तर भावजींच्या अंगावर चोरी दिसत नव्हती. तेच दोन शर्ट, तीच मोटारसायकल, पानाचासुद्धा नाद नाही.

"मंग पैसा जातो कुठं, बाई?" ती मला म्हणाली. थोरल्या जावेला ती बाई म्हणते.

"मला काय ठाऊक?"

"जालन्यात जात आसंल." हे तिने अशा आवाजात म्हटलं, की सबंध जालना शहराला तोंड लपवावंसं वाटलं असतं.

यंदा तलाठी भरला, तसं तिने मनाशी पक्कं केलं. एका दुपारी पाला टाकता टाकता मला म्हणाली, "मला पैसे नको. जितके आणतेल तितके आणू द्या. पर तलाठ्याचा भाव मला माझ्या कानानं ऐकायचा हाये. मी पोसला त्याला. त्याची किंमत काय हाये ते मला कळू नये व्हय?"

माझ्याही घरात तेच होतं, फक्त मी त्यावर विचार करायचं सोडून दिलं होतं. तिने सोडलं नाही, याचा मला तेव्हा जरा रागच आला.

आम्ही दोघी मैमूनाभाभीकडे गेलो. तिला बोटांची भाषा येते, कारण फकरोद्दीनभाई नवेनवे धंद्यात पडले तेव्हा रात्री घरी बायकोच्या हातावर सराव करायचे. लग्न नवीन होतं, त्यामुळे सराव भरपूर झाला असं ती स्वतःच सांगते आणि स्वतःच लाजते. तिने ओढणी आमच्या हातांवर टाकली आणि शिकवणी सुरू झाली.

"जल्दी नक्को करू. पहले अंगठा बाजूला घे. हां. अब पंजा. अगे, हाथ दाबती का लुगडं पिळती?"

दैवशाला दोन दुपारांत शिकली. मी चार दुपारी गेले तरी माझे सात आणि आठ एकच यायचे. एकदा सासूबाई तिथे आल्या. ओढणीखाली तीन बायकांचे हात बघून दारातच थांबल्या.

"काय करून राह्यल्या गं?"

"बांगड्याचं माप घेऊन राह्यलो, आत्याबाई," दैवशाला म्हणाली.

"वढणीखाली?"

"नजर लागती," मैमूनाभाभी म्हणाली. सासूबाईंना हे पटलं. नजरेच्या बाबतीत त्या वाद घालत नाहीत.

पण खरी अडचण वेगळीच होती. बोटं शिकून काय करायचं? बाजारातला दलाल दैवशालाच्या हाताला हात लावणार नव्हताच. त्यावर मैमूनाभाभीने तोड काढली. "दलाल का हाथ नक्को. तेरे मरद का हाथ तो तू धर सकती ना? उसमें किसके बाप का क्या जाता? इधरसे दलाल बोलेगा, उधरसे मरद तेरेकू बोलेगा. बीच में मरद." आणि मग भरपूर हसून म्हणाली, "मरद को बीच मेंच रखना."

बाजाराच्या आदल्या दिवशी भावजी आले. सगळे जेवायला बसलो होतो. दैवशालाने भाकर वाढता वाढता सांगून टाकलं, "उद्या मी बी येणार बाजाराला."

भावजींना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "कशाला? ऊन लय हाये."

"बोकड चारला तवा चांदणं व्हतं का?"

"आगं, तिथं बाया नसत्यात."

"मी गेले की आसतेल."

आमच्या मालकांना मध्ये पडल्याशिवाय अन्न पचत नाही. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "भागवत, घरची बाई शेळीबाजारात नेली तर नाक कापलं जाईल आपलं."

"लेंड्या झाडताना न्हाई कापलं, ते बाजारात कापतं व्हय?" मी विचारलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि आमटी मागितली. भावजींचं तोंड मात्र असं उतरलं, की दैवशालाने मला डोळ्याने खुणावलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

सकाळी ती आंघोळ करून, नवं लुगडं नेसून बसली होती. भावजी तिला न घेताच तलाठ्याचं दावं धरून निघाले. तलाठी हलला नाही. भावजींनी ओढलं, मालकांनी मागून ढकललं. तलाठ्याने चारी पाय रोवले आणि दोघांकडे असं बघितलं, जणू अर्जासोबत काहीतरी जोडायचं राहिलंय.

"मका आण की जरा," भावजी दैवशालाला म्हणाले.

"मका सपला," ती म्हणाली.

मक्याची पिशवी माझ्या घरात होती, पण मला कुणी विचारलं नाही. शेवटी टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, तसे भावजी हरले. "चल मंग तूच," ते म्हणाले. दैवशाला उठली, तलाठ्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो तिच्यामागे निमूट चालायला लागला. त्या टेम्पोत मीही चढले. मालकांनी विचारलं, "तू कुठं?" म्हटलं, "तिला सोबत." त्यांना वाटलं, दोघी असल्या म्हणजे नाक अर्धंच कापलं जाईल.

शेळीबाजार म्हणजे लिंबाच्या झाडांखालची मोकळी जागा. बकरीद तोंडावर, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. बोकडांच्या वासाने डोकं उठलं होतं आणि सगळीकडे टोप्या, रुमाल, मिशा. आम्ही दोघी शिरलो तशी वाट आपोआप होत गेली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "वाट चुकल्या वाटतं, भाजी तिकडं हाये." दैवशाला त्याला म्हणाली, "भाजी पिकली की तिकडं जाऊ, दादा. आज बोकड पिकलाय."

थोड्या वेळात रामराव दलाल आला. पांढरं धोतर, पोट पुढे, खांद्यावर जांभळ्या काठाचा रुमाल. तलाठ्याची पाठ चाचपली, दात बघितले, मांडी दाबली आणि असं तोंड केलं, जणू कुणाच्या मयतीला आलाय. त्याचं तोंड माल चांगला असला की असंच होतं, हे मला तिथे अर्धा तास उभं राहून कळलं. आमच्या घरच्या पुरुषांना मात्र कधी कळलेलं दिसत नव्हतं. त्याने दैवशालाकडे बघितलंसुद्धा नाही. भावजींच्या उजव्या हातावर रुमाल टाकला आणि आत हात घातला.

रुमाल हलला. आणि मी बघत होते, त्यांची मान होकारासाठी खाली यायला लागली. घासाघीस नाही, एक नकार नाही, पहिल्याच आकड्याला मान खाली.

तेवढ्यात दैवशाला पुढे झाली. तिने भावजींचा डावा हात धरला, वरून आपला पदर टाकला आणि हळू आवाजात म्हणाली, "आवं, त्यो काय म्हणला ते मला इकडं सांगा. बोटानं."

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला येतं?"

"येतं. सांगा."

आता चित्र असं, की मध्ये भागवतभावजी, उजव्या हातावर दलालाचा रुमाल, डाव्या हातावर बायकोचा पदर, आणि दोन्हीकडून घाम. आजूबाजूच्या चार जणांचे सौदे थांबले. रामराव म्हणाला, "हे काय गं बाई नवं?" दैवशाला म्हणाली, "नवराबायकोचं हाये, तुम्ही तिकडं बघा." नवऱ्याचा हात बायकोने धरला, यात बाजाराची कुठली रीत मोडली हे रामराव आठवत राहिला.

पदर हलला. दैवशालाच्या कपाळावर आठी आली. बोटं मोजली आणि तिचा तोल गेला. तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की लिंबावरचे कावळे उडाले.

"नऊ? नऊ हजारात तलाठी? आरं, दोन पंजे तर याच्या नुसत्या मांडीचे हायेत!"

सगळा बाजार गप्प झाला. आकडा तोंडाने बोलला गेला होता. तिथल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा असं कधी ऐकलं नसावं. रामरावाने भाजल्यासारखा हात रुमालातून बाहेर काढला.

"नऊ?" तो ओरडला. "आरं, नऊ कोण म्हणलं? मी सात म्हणलो! पंजा अन् दोन बोटं! भागवत, तुला बोटं कळंनात का?"

मला आधी काही उमगेना. मग उमगलं. दलालाने सात सांगितले होते, आणि भावजींनी बायकोला नऊ सांगितले होते. दोन बोटं त्यांनी पदराआडून आपल्या मनाने घातली होती.

दैवशाला त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं जो माणूस कमी सांगतो म्हणून तिने अबोला धरला, तो जास्त सांगत होता. तिच्या हिशेबात हे बसेना. चोराची अशी जात तिने ऐकली नव्हती. भावजी तसेच दोन्ही हात पुढे करून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज अशी पसरली होती की मला दिराची कीव आली.

पण बाजार कुणासाठी थांबत नाही. मागून एक हसला. मग चार हसले. आणि परतूरकडचा एक व्यापारी, इतका वेळ दुरून तलाठ्यावर डोळा ठेवून होता, तो पुढे येऊन म्हणाला, "रुमाल उतरला ना? मंग मी नऊला घेतो की."

"धा," दुसरा म्हणाला.

रामरावाला घाम फुटला. त्याने रुमालाने पुसला. "आकरा," तो म्हणाला, तोंडाने. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असावा, कारण आवाज चिरका निघाला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. बोली वर वर गेली आणि दैवशाला प्रत्येक आकडा ऐकून मान नाही अशी हलवत राहिली. तिला ती मान कुणी शिकवली नव्हती, ती लहानपणापासून सगळ्यांनी तिच्यापुढे हलवलेली होती. शेवटी परतूरवाल्याने घेतला. कितीला, ते मी लिहीत नाही. आजवर घरी आलेल्या भावाच्या कितीतरी वर गेला, एवढं पुरे. ज्याला आकडा हवा त्याने त्या दिवशी बाजारात असलेल्या कुणालाही विचारावं, सगळ्यांनी कानाने ऐकलाय.

तलाठी नव्या मालकाबरोबर जाईना. दैवशालाने कनवटीचा मका काढला, थोडा त्याला चारला, उरलेला व्यापाऱ्याच्या मुठीत दिला आणि सांगितलं, "दमानं न्या, वढू नका." मग पाठ फिरवून पदराने डोळे पुसले. आपला बोकड परक्याच्या हातात जाताना तिने याआधी कधी बघितलेला नव्हता. दरवर्षी बोकड अंगणातून जायचा आणि तिच्यासाठी तिथेच संपायचा.

आमचा टेम्पो गावात पोचायच्या आत आकडा पोचला. मिरचीवाल्या म्हातारीने सगळीकडे फोन लावले असणार. नुकताच ज्यांनी ज्यांनी बोकड विकला होता त्या सगळ्या घरांत त्या संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जात होता. गल्लीत पुरुष ओट्यांवर बसून होते, आत जायला कुणी तयार नव्हतं. फकरोद्दीनभाई मशिदीतून निघाले तरी घरी जाईनात, आणि त्यांनी तर बायकोपासून काही लपवलेलंही नव्हतं. नुसती हवाच तशी होती.

आमच्या मालकांनी महिन्याभरापूर्वी माझा बोकड विकला होता, तलाठ्याहून खांद्याला दांडगा. मी त्यांना जेवायला वाढलं, समोर बसले, त्यांच्या डाव्या हातावर पदर टाकला आणि म्हटलं, "सांगा."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग मला जितके दिले होते तितकीच बोटं धरली. माझे सात आणि आठ अजून एकच येतात, पण तलाठ्याहून दांडगा बोकड तेवढ्यात जात नाही, एवढं कळायला तेवढं पुरेसं होतं. "ते चोरच निघाले," असं मी दुसऱ्या दिवशी दैवशालाला हसत हसत सांगितलं. खरं तर रात्री मला हसू आलं नव्हतं. मी भांडले, ते भांडले, शेवटी ते म्हणाले, थोडी उधारी फेडली, थोडे सप्त्याच्या वर्गणीला दिले. देवाचं नाव मध्ये आणलं की मी गप्प बसते हे त्यांना माहीत आहे. यापुढे बसणार नाही, हे त्यांना लवकरच कळेल.

"तुझं बरंय," मी दैवशालाला म्हटलं. आम्ही बांधावर शेवरीचा पाला काढत होतो. भावजी पहाटेच जालन्याला गेले होते. "तुझा चोर नाही निघाला. उलट पदरचं घालणारा निघाला. कुठून घालत होते गं?"

ती फांदी वाकवून पाला ओरबाडत राहिली. मग म्हणाली, "पगारातून. रात्री सांगितलं. पयल्या वर्षी रामरावानं असाच आकडा दिला, आन् सगळे बघून राह्यले व्हते. यायनला वाटलं, न्हाई म्हणलं अन् बाजार हसला तर? दिला बोकड. घरी यायच्या वक्ताला माझी भीती वाटली. म्हणून दोन बोटं वाढवून सांगितली, अन् तेवढे खिशातले घातले. मंग दरवर्षी तेच. त्याच्यासाठी तिकडं डबल पाळ्या केल्या. भट्टीपुढं. मी म्हणायचे, दिवाळीला बी येत न्हाईत, जालन्यात कोण बसलंय. कोण बसलं व्हतं? माझाच बोकड बसला व्हता."

माझ्या हातातला पाला तसाच राहिला. मला भावजींचं फार वाईट वाटलं, आणि मी तसं बोललेही. म्हटलं, "आता तरी राग सोड त्यांच्यावरचा. एवढं कोण करतं गं बायकोसाठी?"

"सोडला व्हता. रात्री रडले बी मी त्यायच्यापाशी." तिने भारा बांधायला दोरी पसरली. "पर सकाळी ते गाडीला किक मारून राह्यले व्हते ना, तवा पुन्हा आला. चोर आसते तर सोपं झालं आसतं, बाई. चोराला शिव्या देता येत्यात. यायनला काय म्हणू? इतकी वर्षं भट्टीपुढं दोन दोन पाळ्या केल्या, जीव जाळला. त्यांना तेवढं सोपं वाटलं. पर मला एक डाव बाजारात न्यायचं अवघड वाटलं."

तिने गुडघा देऊन भारा आवळला, मला हात लावायला सांगितलं आणि डोक्यावर घेऊन घराकडे निघाली. दावणीत दोन पाठी गाभण होत्या, त्यांची पाण्याची वेळ झाली होती.